त्वचेची विचारपूस: संवेदनशील त्वचा आणि टॅटू

टॅटूविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. बहुतेकांनी ‘टॅटूवर काय लावू?’ असे विचारले आहे; परंतु ज्यांची त्वचा लगेच चिडते, त्यांच्या बाबतीत काय लावू नये हे सांगण्यातच माझी अधिक शाई खर्च झाली आहे.

प्रश्न: माझे वय २४ आहे. लहानपणी मला इसब होता आणि आताही थंडीत कोपराच्या व गुडघ्याच्या खळगीत खाज सुटून चट्टे येतात. खोटे दागिने घातले की कानाची पाळी चिघळते. मला मनगटाच्या वर आजीच्या हस्ताक्षरातील दोन ओळी गोंदवून घ्यायच्या आहेत. स्टुडिओतील कलाकारांचे म्हणणे असे की, आधी शाईचा एक ठिपका देऊन पाहू. दोन दिवसांत काही झाले नाही तर निर्धास्त व्हा. एवढी खबरदारी पुरेशी आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर: ठिपका देऊन पाहायला माझी हरकत नाही, परंतु दोन दिवस सुखरूप गेले म्हणजे पुढेही सारे सुखरूप जाईल, असे समजू नका. टॅटूची सुई शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल सोडते. वरचा थर सुमारे महिनाभरात झडून नवा येतो; खालच्या थरातील शाईचे कण मात्र तेथील भक्षक पेशी गिळून धरून ठेवतात, त्या पेशी मेल्या की त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात, आणि काही कण लसिकावाहिन्यांमधून काखेतल्या गाठींपर्यंत जाऊन पोहोचतात. शरीराचा शाईशी असा कायमचा संबंध जडत असल्यामुळे तिची ॲलर्जी काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही डोके वर काढू शकते. एवढेच नव्हे, तर ज्यांना ॲलर्जी झाल्याचे उघड दिसते आहे, अशा रुग्णांच्या पाठीवर तीच शाई लावून केलेली पॅच चाचणीसुद्धा पुष्कळदा निर्दोष येते. याचे संभाव्य कारण असे की, त्रास देणारा पदार्थ बाटलीतल्या शाईत नसतो. रंगकण त्वचेत गेल्यावर काळाने आणि उन्हाने त्यांचे विघटन होऊन तो तेथे तयार होतो.

म्हणून इसब असलेल्यांनी टॅटू काढूच नये, असे मी म्हणणार नाही. इसबाच्या त्वचेचे संरक्षक आवरण मुळात कच्चे असते आणि तिच्यावर स्टॅफिलोकोकस जातीच्या जिवाणूंचा वावर इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ताज्या टॅटूची जखम चिघळण्याचा धोका वाढतो, एवढे ध्यानात ठेवून वेळ आणि जागा निवडावी. तुमचा इसब थंडीत उफाळतो, तेव्हा ते महिने टाळा. ज्या काळात अंगावर कोठेही ताजा चट्टा नाही आणि काही आठवडे स्टिरॉइडयुक्त मलमाची गरज भासलेली नाही, असा काळ पाहा. जागा कोपराच्या किंवा मनगटाच्या घडीपासून दूर असू द्या. इसबासाठी सायक्लोस्पोरिनसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असेल, तर आधी ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका.

तुमचा बेत एका दृष्टीने सोयीचा आहे. हस्ताक्षराच्या दोन ओळी म्हणजे बारीक काळी रेघ. काळी शाई मुख्यतः कार्बनची असते आणि ॲलर्जीच्या तक्रारी तिच्याबाबत तुलनेने कमी आढळतात. लाल रंगाच्या बाबतीत त्या सर्वांत जास्त आढळतात, तेव्हा ओळींखाली लाल फूल वगैरे काढण्याचा मोह आवरा. खोट्या दागिन्यांनी पाळी चिघळते, यावरून तुम्हाला बहुधा निकेलचे वावडे आहे. शाईत निकेलचा अंश अशुद्धीच्या रूपाने आढळतो. तो प्रत्येकाला बाधतोच असे नाही, परंतु त्वचारोगतज्ज्ञांकडून एकदा रीतसर पॅच चाचणी करून घेतल्यास निकेलबरोबरच मलमांतील, सुगंधी द्रव्यांतील आणि चिकटपट्टीतील कोणते घटक तुम्हाला चालत नाहीत, हेही कळेल. टॅटूनंतरच्या काळात शाईच्या चाचणीपेक्षा ही माहिती तुमच्या अधिक उपयोगी पडेल.

स्टुडिओत गेल्यावर संकोच बाजूला ठेवून शाईची बाटली हातात घ्या आणि तिच्या लेबलाचे छायाचित्र मोबाईलमध्ये काढून ठेवा. उत्पादकाचे नाव, रंगाचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत या चार गोष्टी छायाचित्रात दिसल्या पाहिजेत. पुढे कधी त्रास झालाच, तर डॉक्टर हेच विचारतील, आणि तोवर बाटली केव्हाच कचऱ्यात गेलेली असेल. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले आहेत. त्या नियमांना धरून बनवलेली शाई मिळत असेल तर तिला प्राधान्य द्या. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असावी, आणि शाई पातळ करण्यासाठी कोणते पाणी वापरतात, हे आवर्जून विचारा. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात २०११ च्या अखेरीस काही लोकांच्या टॅटूच्या राखाडी भागावर चिवट पुरळ उठले, तेव्हा त्याचे मूळ आधीच पातळ करून विकल्या जाणाऱ्या राखाडी शाईत सापडले. क्षयाच्या जंतूंच्या कुळातला, पाण्यात वाढणारा एक जंतू तिच्यातून त्वचेत गेला होता आणि असे एकोणीस रुग्ण नोंदले गेले. नळाचे पाणी तर नकोच, पिण्याच्या बाटलीतले किंवा नुसते डिस्टिल्ड पाणीही निर्जंतुक असतेच असे नाही.

आणखी एक. हेपटायटिस-बीची लस घेतलेली नसेल, तर आधी ती घ्या. तिच्या तीन मात्रा पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. आजीचे हस्ताक्षर तेवढे थांबेल.

प्रश्न: मी ३१ वर्षांचा असून चार दिवसांपूर्वी दंडावर मोठा काळा टॅटू काढला. स्टुडिओने पारदर्शक चिकट पट्टी लावून दिली होती, ती दुसऱ्या दिवशी आत पाणी साचल्यासारखे वाटले म्हणून काढली. घरच्यांच्या सांगण्यावरून हळद आणि खोबरेल लावले. मग जखमेचे मलम लावले. काल औषधाच्या दुकानातून खाजेचे क्रीम आणले. आता टॅटूच्या आजूबाजूला लाल, बारीक पुरळ आहे आणि खाजेने रात्री झोप लागत नाही. मी रोज लोकलने प्रवास करतो. शाईची ॲलर्जी असेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहा आणि लाली कोठे सुरू होते व कोठे संपते, तेवढेच आधी नीट पाहा. लालीची कड पुष्कळ काही सांगून जाते. लाली चौकोनी असेल, म्हणजे पट्टीच्या कडा जेथे होत्या तेथे सरळ रेषेत तुटत असेल, तर दोष पट्टीच्या चिकट द्रव्याचा. त्यातील ॲक्रिलेट जातीची रसायने अनेकांना चालत नाहीत. लाली टॅटूच्या सीमा ओलांडून, बोटाने मलम जेथवर फिरवले तेथवर अनियमितपणे पसरलेली असेल, तर संशय मलमावर जातो. टॅटूच्या रेघांना धरूनच, आणि त्यातही एखाद्याच रंगात, फुगवटा असेल, तर शाईचा विचार करायचा. मात्र तो प्रकार चौथ्या दिवशी सहसा दिसत नाही. केसांच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळसर पुटकुळ्या असतील, तर तेल आणि घाम यांनी केशमुळे कोंडली आहेत, असे समजावे. तुमच्या वर्णनावरून मला मलमाचा संशय सर्वांत जास्त येतो आणि त्याखालोखाल पट्टीचा.

याचे कारण असे. आपल्याकडे घरोघरी जखमेवर लावल्या जाणाऱ्या मलमांत आणि भुकट्यांत नियोमायसिन किंवा फ्रॅमायसेटिन ही प्रतिजैविके असतात. नियोमायसिन हे स्पर्शाने ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांत इतके पुढे आहे की, अमेरिकेतील या विषयाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून निवडले होते. फ्रॅमायसेटिन त्याचेच सख्खे भावंड असल्याने एकाचे वावडे असणाऱ्याला दुसरेही चालत नाही. शाबूत त्वचेवर जे मलम निमूट सहन होते, तेच सुईने असंख्य ठिकाणी टोचलेल्या त्वचेवर लावले की सरळ आत शिरते. स्वच्छ स्टुडिओत काढलेल्या, चांगल्या भरून येणाऱ्या टॅटूला प्रतिजैविक मलमाची गरजच नसते.

हळदीबद्दल लिहिताना वाचकांचा रोष ओढवतो, हे मला माहीत आहे. स्वयंपाकघरातील डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण उघड्या जखमेत अडकून बसतात, आणि हळदीची व कुंकवाची स्पर्शजन्य ॲलर्जी आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांना चांगली परिचयाची आहे. खोबरेल तेल भरून आलेल्या कोरड्या त्वचेसाठी चांगले आहे. परंतु पावसाळी दमट हवेत ओल्या जखमेवर त्याचा जाड थर दिला की, खाली घाम कोंडून पुरळ येणारच. ‘नैसर्गिक’ आणि ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टॅटूच्या बामांबाबतही सावध राहावे, कारण त्यांतील टी ट्री तेल, सुगंधी अर्क आणि लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन हे सारे नेहमीचे ॲलर्जीकारक आहेत.

आता ते खाजेचे क्रीम. त्याच्या नळीवरील घटक वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन किंवा बीटामेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर त्यात स्टिरॉइड आहे. औषधाच्या दुकानांतून सर्रास मिळणाऱ्या अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध यांची भेळ असते. तिने खाज तात्पुरती थांबते, पण जखम भरण्याची गती मंदावते, आणि आत संसर्ग सुरू झाला असेल तर त्याची लाली झाकली जाऊन तो गुपचूप पसरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी क्रीम मागू नयेत आणि दुकानदाराने ती देऊ नयेत, असा नियम आहे. तो कसा पाळला जातो, हे तुमच्या पत्रावरून दिसतेच.

तेव्हा आज हे सारे थांबवा. दिवसातून दोनदा, हात आधी साबणाने धुऊन, दंडावर कोमट पाणी सोडा. सुगंध नसलेल्या सौम्य साबणाचा फेस तळहातावर करून तो हलक्या हाताने फिरवा, चोळू नका, आणि पिवळसर चिकट द्रव सुकून झालेला पापुद्रा आपोआप सुटेल तेवढाच सुटू द्या. टॉवेलऐवजी स्वच्छ सुती कापडाने किंवा टिश्यूने टिपून घ्या आणि पाच-दहा मिनिटे हवा लागू द्या. मग साध्या, सुगंधरहित पेट्रोलियम जेलीचा थर द्या, इतका पातळ की त्वचा ओलसर दिसावी पण बोटाला चिकटू नये. मटाराच्या दाण्याएवढी जेली तुमच्या दंडाला पुरेल. डेटॉलसारखी जंतुनाशके, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांना हात लावू नका. ती जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही जाळतात. लोकलमध्ये गर्दीत दंड घासला जाणारच, म्हणून प्रवासापुरता सैल, पूर्ण बाहीचा सुती सदरा घाला, आणि कापड चिकटलेच तर ओढून न काढता पाण्याने भिजवून सोडवा. खाजेसाठी थंड पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ घडी दहा मिनिटे ठेवा. रात्री झोपच लागत नसेल, तर सेटिरिझिनसारख्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

पहिल्या आठवड्यानंतर टॅटूवरून रंगीत पापुद्रे सुटू लागतील. त्यांतून शाई निघून जात आहे, असे वाटून घाबरण्याचे कारण नाही, आणि ते नखाने काढण्याचे तर मुळीच नाही. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला डागांची खोड असते. जेथे खपली खरवडली जाते, तेथे महिनोन्‌महिने काळसर डाग राहतो. वरची त्वचा भरून यायला दोन ते तीन आठवडे लागतात, आतील दुरुस्ती त्यापुढेही काही आठवडे चालते. सनस्क्रीन जखम पूर्ण भरल्यावरच सुरू करावे, एसपीएफ ३० किंवा अधिक. तोवर बाही पुरेशी आहे.

दोन दिवसांत खाज आणि लाली उतरणीला लागली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लाली दर काही तासांनी पुढे सरकत असेल, दंड गरम व ठणकता असेल, पू किंवा ताप आला असेल, लाल रेघ काखेकडे चढत असेल किंवा काखेत अवधाण आले असेल, तर त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असलेल्यांनी तर पहिल्याच लक्षणाला जावे.

प्रश्न: गणपतीच्या आठ दिवस आधी पोटरीवर टॅटू काढून घेण्याचा विचार आहे. दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन आम्ही समुद्रात करतो. प्लॅस्टिक गुंडाळून पाण्यात उतरले तर चालेल का? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: चालणार नाही. कंबरभर पाण्यात कोणतेही प्लॅस्टिक टिकत नाही, आणि आत शिरलेले पाणी तेथेच कोंडून राहते. उबदार समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात. अमेरिकेत ३१ वर्षांचा एक तरुण पोटरीवर टॅटू काढल्यानंतर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि या जिवाणूच्या संसर्गाने दगावला, असे प्रकरण २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे. त्याला मद्यपानामुळे यकृताचा जुना आजार होता आणि मुख्यतः अशा लोकांनाच या जिवाणूपासून जिवाचा धोका असतो, हे खरे. निरोगी माणसावर असा प्रसंग क्वचितच येतो. परंतु विसर्जनाच्या दिवशीचे किनाऱ्याचे पाणी कसे असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. तीन ते चार आठवडे समुद्र, नदी, विहीर आणि तरणतलाव वर्ज्य. टॅटू गणपतीनंतर काढा, म्हणजे दोन्ही गोष्टी मनासारख्या होतील.

प्रश्न: दीड वर्षापूर्वी पाठीवर गुलाबाचा टॅटू काढला. पाने आणि देठ व्यवस्थित आहेत, परंतु पाकळ्यांचा लाल भाग गेल्या चार महिन्यांपासून फुगून टणक झाला आहे आणि उन्हात गेले की प्रचंड खाजतो. लेझरने तेवढा लाल भाग काढून टाकावा का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: लेझरच्या दुकानात जाऊ नका. हिरवे आणि काळे शांत, लाल तेवढे फुगलेले, हे लाल शाईच्या ॲलर्जीचे अगदी ठराविक चित्र आहे. पूर्वी लाल रंगासाठी पाऱ्याचे संयुग, म्हणजे हिंगूळ, वापरत. आज बहुतेक लाल शायांत अझो जातीचे सेंद्रिय रंग असतात, पण लाल रंगाची खोड गेलेली नाही. लेझर रंगकणांचा चुरा करते आणि तो चुरा शरीरभर पसरतो. आधीच ॲलर्जी असलेल्या शरीरात त्यामुळे अंगभर पुरळ, सूज किंवा त्याहून गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते.

त्वचारोगतज्ज्ञ आधी त्या भागाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील, कारण सारकॉइडोसिस नावाचा, फुप्फुसांनाही धरणारा आजार कधी कधी टॅटूच्या रेघांतच प्रथम दिसतो. तो बहुधा काळ्या रेघांत दिसत असला, तरी तपासून घेतलेले बरे. ॲलर्जी निश्चित झाली की आधी तीव्र स्टिरॉइडचे मलम देखरेखीखाली दिले जाते, त्याने भागले नाही तर फुगलेल्या भागातच स्टिरॉइडची सुई काही आठवड्यांच्या अंतराने दिली जाते. चिवट, न बधणाऱ्या ॲलर्जीत लाल भाग शस्त्रक्रियेने तासून काढावा लागतो. मधल्या काळात तो भाग कपड्याने झाका, आणि यापुढे शरीरावर दुसरीकडे कोठेही लाल, गुलाबी किंवा जांभळी शाई घेऊ नका. भुवयांचे आणि ओठांचे ‘कायमचे’ रंगकामही त्यात आले. ओठांसाठीच्या शाईत लाल रंग असतोच.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातावर जत्रेत ‘काळी मेंदी’ म्हणून विंचवाचा टॅटू काढून दिला. तासाभरातच तो गडद काळा झाला. दहा दिवसांनी विंचवाच्या आकाराचेच फोड आले. मेंदीची ॲलर्जी असते का? घरात तर ती प्रत्येक सणाला मेंदी लावते. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: हा दोष मेंदीचा नाही. मेंदीच्या पानांचा रंग आधी नारिंगी चढतो, त्यासाठी काही तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी तो तपकिरी होतो. तासाभरात कोळशासारखा काळा चढला, म्हणजे त्यात केसांच्या कलपातील पॅरा-फेनिलीन-डायअमाइन (पीपीडी) हे रसायन होते. युरोपात ते थेट त्वचेवर लावण्याला परवानगी नाही आणि कलपातही त्याचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जत्रेतल्या कोनात किती मिसळले आहे, हे मिसळणाऱ्यालाही ठाऊक नसते. पहिल्यांदाच ॲलर्जी जडत असेल तर फोड यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे.

फोड फोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. काही दिवसांच्या योग्य मलमाने ते बसतील. विंचवाचा फिकट किंवा काळसर ठसा काही महिने राहील, तो बहुधा जाईल. ॲलर्जी मात्र जन्मभर राहते, हे घरातील सर्वांनी लक्षात ठेवायला हवे. मोठेपणी तिने केसांना साधा कलप किंवा ‘काळी मेंदी’ची पूड लावली, तर टाळूपासून पापण्यांपर्यंत चेहरा सुजू शकतो. कापडाच्या काही रंगांशी आणि बेंझोकेनसारख्या बधिर करणाऱ्या काही औषधांशीही या रसायनाचे नाते आहे. म्हणून तिच्या वैद्यकीय कागदपत्रांवर ‘पीपीडीची ॲलर्जी’ अशी नोंद करून घ्या आणि दंतवैद्याकडे गेलात तरी सांगा. घरी पाने वाटून केलेली मेंदी तिला लावता येईल. बाजारातील कोन, तो कितीही ‘शुद्ध’ असला तरी, आता नको.

प्रश्न: मला सोरायसिस आहे, सध्या आटोक्यात आहे. मैत्रिणीला कोड आहे आणि तिला पांढऱ्या डागांवर त्वचेच्या रंगाचा टॅटू करून घ्यायचा आहे. आम्ही दोघींनी काय करावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: या दोन्ही आजारांत त्वचेला जेथे इजा होते, तेथेच नवा चट्टा उमटण्याची प्रवृत्ती असते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिक कोब्नर यांनी १८७० च्या दशकात हे प्रथम नोंदले. त्यांच्या रुग्णाला खरचटलेल्या जागी, घोडा चावला त्या जागी आणि गोंदलेल्या जागी सोरायसिस उमटला होता. चट्टा साधारण दहा ते वीस दिवसांत दिसतो. अर्थात प्रत्येकाच्या बाबतीत असे घडत नाही. तुमचा आजार निदान वर्षभर शांत असेल, पूर्वी खरचटल्यावर किंवा भाजल्यावर त्या जागी चट्टा आलेला नसेल, तर छोट्या टॅटूचा विचार डॉक्टरांच्या संमतीने करता येईल. एरवी मी थांबायला सांगेन.

मैत्रिणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कोड वाढते असेल, तर टॅटूच्या भोवती नवी पांढरी कड येऊन डाग पूर्वीपेक्षा ठळक दिसेल. स्थिर कोडातही त्वचेच्या रंगाची शाई काही वर्षांत निळसर किंवा फिकट पडते, भोवतालची त्वचा मात्र उन्हाळ्या-हिवाळ्याप्रमाणे रंग बदलत राहते. आणि ती शाई पुढे लेझरने काढायला गेले, तर तिच्यातील लोहाच्या व टायटॅनियमच्या ऑक्साइडमुळे ती एकदम काळी पडू शकते. स्थिर कोडासाठी त्वचारोपणाचे चांगले उपाय आज उपलब्ध आहेत. आधी त्यांची चौकशी करावी.

दोघींनी आणखी एक पाहून घ्यावे. लहानपणी दंडावर बीसीजीची लस टोचल्याची खूण जाड, गुळगुळीत आणि मूळ जागेबाहेर पसरलेली असेल, किंवा कान टोचल्यावर पाळीला गाठ आली असेल, तर तुमच्या त्वचेला केलॉइडची, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणाऱ्या जाड व्रणाची, प्रवृत्ती आहे. अशांनी छाती, खांदा आणि दंडाचा वरचा भाग यांवर टॅटू काढूच नये.

प्रश्न: माझी आई ६८ वर्षांची आहे. तिच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर लहानपणी गोंदारणीकडून गोंदून घेतलेले आहे. पाठदुखीसाठी एमआरआय सांगितला आहे आणि गोंदण असेल तर एमआरआयमध्ये भाजते, असे शेजारच्यांनी सांगितल्यापासून ती जायला तयार नाही. – एक वाचक, परभणी

उत्तर: आईंना न्या. भाजल्यासारखी आग होण्याचे प्रकार घडले आहेत, परंतु ते फार विरळ आहेत, आणि त्यांचा संबंध मुख्यतः लोहाचे ऑक्साइड असलेल्या शाईशी जोडला जातो. जुने गोंदण बहुधा काजळीचे, म्हणजे कार्बनचे असते; ते हिरवट-निळे दिसते ते कण खोल असल्यामुळे, धातूमुळे नव्हे. लंडनमध्ये टॅटू असलेल्या ३३० जणांची एमआरआयच्या वेळी पद्धतशीर पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत टॅटूशी निगडित त्रास एकालाच झाला आणि तोही सौम्य होता. आईंच्या मनात भीती बसली आहे, म्हणून तंत्रज्ञांना गोंदण आधीच दाखवा, हातातील बांगड्या आणि अंगावरचे सर्व धातूचे दागिने काढून ठेवा, आणि आत असताना गोंदणाच्या जागी ऊब किंवा ओढ जाणवली तर हातात दिलेले बटण लगेच दाबायचे, हे त्यांना समजावून सांगा. बटण दाबल्यावर तपासणी थांबवता येते, हे कळले की बहुतेक रुग्ण निवांत होतात.